शिराळ्याच्या यंत्राखालचं घोंगडं

सातारा, मंगळवार, १९९८

भूकंपाच्या नोंदी इंटरनेटवर चढवतोय, पण शिराळ्याच्या आकड्यांवर माझा विश्वास बसेना. गावात भिंतींना तडे गेले आणि तिथलं आमचं भूकंपमापक यंत्र म्हणतं, धक्का किरकोळ! तिथले रखवालदार तात्या काहीतरी लपवतायत, या संशयानं आज थेट जाऊन थडकलो. यंत्राचे जमिनीतले बोल्ट काढलेले, खाली चौपदरी घोंगडं!

"आवं सायेब, नाजूक चीज हाय. दणकं बसू नयेत म्हणून मऊ केलंय."

"कधीपासून?"

"बसवल्यापासनं."

म्हणजे इतकी वर्षं जमिनीचा हादरा घोंगडंच गिळत होतं. शिराळ्याच्या सगळ्या नोंदी काढून टाकाव्या लागणार. आणि जतच्या यंत्राच्या? यंत्राला फार जपतो म्हणून तिथल्या रखवालदाराची मीच पाठ थोपटली होती. आणि जत म्हणजे तर मेंढपाळांचा, घोंगड्यांचाच मुलूख.