सहा तबकड्यांचं जेवण

२ मार्च १९५९, सोमवार
आले एकदाची न्यूयॉर्कला, घरी राहून करायच्या नर्सच्या कामावर! वेस्ट एंड ॲव्हेन्यूवर नववा मजला, माझ्या खोलीतून नदी दिसते. पेशंट ॲम्ब्रोज केटलबी. बारा वर्षांपूर्वी ‘महापौरांची भूक’ या संगीत नाटकात अख्खं शहर गिळणारा लाचखाऊ महापौर यांनीच रंगवला. खरे पुढारी पहिल्या रांगेत बसून स्वतःवरच हसायचे म्हणे. आता अर्धांगवायू. वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. त्यांची बायको लेनोर त्याच नाटकात कोरसमध्ये होती. फार गोड बोलतात बाई. “तू बाकी सगळं बघ विनिफ्रेड, भरवायचं तेवढं माझ्याकडे,” म्हणाल्या.

३ मार्च
जेवताना ग्रामोफोन लागतो. त्याच नाटकाच्या तबकड्या, मूळ नटसंचाने एका रविवारी स्टुडिओत गायलेल्या. सहा तबकड्या, बारा बाजू. त्या वाजल्या तरच साहेब तोंड उघडतात. गाण्यात महापौर वाटाण्याचं सूप पितो तेव्हा बाईंच्या चमच्यातही वाटाण्याचंच सूप. मला हसूच आलं.

५ मार्च
पाचव्या बाजूला महापौर अनाथाश्रमातल्या मेणबत्त्या खातो. बाईंनी मेणबत्ती भरवली. साहेबांनी ती चावून गिळली. दाढेत अडकलेली वात मी चिमट्याने ओढून काढली. तिच्यामागून मेणाची कोमट लाळ माझ्या मनगटावर आली. तीनदा साबण लावला, तरी बुळबुळीतपणा जाईना. बाईंना जाब विचारला तर म्हणाल्या की गाण्यात असतं ते द्यावंच लागतं.

७ मार्च
आज कबूतर. गच्चीवर मरून पडलेलं, फुगलेलं, पिसांसकट. हाडं फुटत होती आणि तबकडीवर कोरस खदाखदा हसत होता. मी न्हाणीघरात जाऊन ओकले. साहेबांचे डोळे पाण्याने भरले होते. ही बाई आजारी नवऱ्याचे हाल करतेय. त्यांना अशा बाईच्या हवाली करून मी नाही जायची.

८ मार्च, रविवार
बाई चर्चला गेल्या तेव्हा तबकड्या फोडल्या. सगळ्या. साहेब पाहत होते, खूश दिसले. डाव्या हाताने त्यांनी माझा दंड कुरवाळला, मग दाबून पाहिला. बाजारात कोंबडी दाबून पाहावी तसा.
बाई आल्या. तुकडे एकमेकांना जुळवून पाहू लागल्या. म्हणाल्या, “अगं, बाजू संपली की ते थांबायचे. आता कोण थांबवणार त्यांना?”

९ मार्च
बाई पहाटेच निघून गेल्या. घराच्या दाराला बाहेरून कुलूप. टेलिफोन जेवणघरात, साहेबांच्या चाकांच्या खुर्चीशेजारी.

साडेबारा
त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले नाहीत — आतून सुई खरखरली. मग वाद्यं. मग कोरस. घशातून मेणाचा आणि सडक्या पिसांचा भपका —

मी कोठीत आहे. दारामागे पिठाची पोती लावलीत. ते टेबलावरचं कापड खातायत — फाडल्याचा आवाज — मग लाकूड —

बाजू संपत नाही. बारावी मी कधी ऐकलीच नव्हती. शहर खाऊन संपलंय. महापौर आता घरातल्यांना हाका मारतोय —

गाण्यातली स्वयंपाकीण खाऊन झाली. माळी खाऊन झाला. कोरस हसतोय —

खुर्चीची चाकं — इकडेच — पोती सरक