सहा महिन्यांचं एक वचन

माय, तू गेलीस त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहून उपयोग काय, असं वाटायचं. तुला वाचता कुठं येत होतं? तुझं सगळं वाचन माझ्याच तोंडून व्हायचं. आज मात्र शाळेला सुट्टी आहे, भांडी घासून झाली आहेत आणि गेल्या महिन्यात आपल्या शिरूरला जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपली चूल दाराशी होती. पहाटे तू पीठ मळायला घेतलंस की मी पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन जाळाच्या उजेडात बसायचे. तू भाकरी थापायचीस आणि मी एक अध्याय वाचायचे. मध्येच तुझा हात थांबायचा आणि तू म्हणायचीस, "थांब. तेवढं परत म्हण." ते एक वाक्य तू दिवसभरासाठी घ्यायचीस. दुसऱ्याच्या रानात खुरपताना, पाण्याच्या रांगेत उभी असताना ते तुझ्याबरोबर असायचं आणि रात्री जेवताना तू सांगायचीस की त्यातून काय निघालं. "वचन गिळायचं नसतंय, चावायचं असतंय," असं तू म्हणायचीस. चर्चमधले पाळकसाहेब त्यालाच मनन म्हणायचे. मला मात्र लई कंटाळा यायचा. एकदा वंशावळीचा अध्याय आला. ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो, संपता संपेना. मी मधली वीस-पंचवीस नावं गाळली आणि पुस्तक मिटलं. तू तवा तसाच ठेवून माझ्याकडे वळलीस. "नावं कावून गाळली?" मी साळसूदपणे म्हणाले, कुठं गाळली? तू म्हणालीस, "मागल्या साली ह्याला चार भाकरी लागल्या व्हत्या. आज दोनातच कसं झालं?" मग मी कबूल केलं आणि म्हटलं, नुसती नावंच तर आहेत. "नुसती? कुणाची तरी लेकरं हायेत ती. वाच." त्या दिवशी शाळेत उशिरा गेले म्हणून गुरुजींच्या छड्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

असल्या बाईला मी फसवलं. मी सातवीत होते. दिवाळी सरली होती, मुकादमाची गाडी दोन दिवसांत येणार होती आणि बाबांनी ठरवलं होतं की या साली मलाही ऊसतोडीला न्यायचं. धाकटी तेव्हा जेमतेम रांगत होती. तुम्ही दोघं फडात गेल्यावर तिला कोपीवर, तिथल्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, सांभाळणार कोण? तूही काही बोलली नव्हतीस. तुझं न बोलणं म्हणजे होकार, हे मला ठाऊक होतं. रडून बघितलं, जेवण टाकून बघितलं, कशाचाच उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी वाचायला बसले. काय वाचत होते ते आता आठवत नाही. पाच-सात ओळी वाचल्या आणि नजर कागदावरून न हलवता, त्याच सुरात, मी म्हणाले, "जो लेकराच्या हातातून पुस्तक काढून घेतो, तो माझ्या हातातला दिवा विझवतो."

तुझा हात थांबला. "परत म्हण." मी परत म्हटलं. माझे कान तापले होते. तू पिठाचे हात घेऊन माझ्याजवळ सरकलीस आणि म्हणालीस, "कुठं हाय? बोट ठेव." मी एका ओळीवर बोट ठेवलं. तू त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिलीस, परक्या गावात कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून बघावं तशी. तव्यावरची भाकरी करपली आणि तुला त्याचं भान नव्हतं. मग तू उठून बाबांना म्हणालीस, "पोरगी येणार न्हाई. तिला माज्या बहिणीकडं सिरसाळ्याला ठिवू." बाबा भडकले. "आन् धाकटीला कोण बघंल?" तू म्हणालीस, "मी बघंन." त्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

सिरसाळ्याला मावशीकडे मी पोटभर जेवले, शाळेत गेले, नाताळात नवा फ्रॉक घातला. तू धाकटीला फडाच्या कडेला झोळीत टाकून ऊस तोडत होतीस, मोळ्या डोक्यावर वाहत होतीस आणि मध्येच पळत जाऊन तिला पाजत होतीस. तुझी कंबर गेली ती त्याच हंगामात. पण हे मला पुढं कळलं. बारा वर्षांच्या मला एक साधी गोष्टसुद्धा सुचली नव्हती, की मी मागं राहिले म्हणजे तुला वाचून दाखवणारं कुणी राहिलं नाही. पाडव्याच्या सुमाराला तू परत आलीस, काळवंडलेली, हाताला पाचटाचे चरे पडलेले. मी विचारलं, तिकडं वाचायचं कोण गं? तू हसलीस. "कोण वाचणार? तू दिलतं ना जाताना एक. सहा म्हैने तेवढंच चावलं." तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढं डीएड झालं, उमापूरला शाळा मिळाली, पहिल्या पगाराची साडी तुला नेसवली, तेव्हाही नाही. तू अंथरुणाला खिळलीस आणि मी उशाशी बसून वाचायचे, तेव्हा तर धीरच झाला नाही.

तू गेल्यावर मी रोज वाचायला लागले. लोकांना वाटलं, आईच्या दुःखात पोरगी देवाला लागली. खरं कारण वेगळंच होतं. मला ते वाक्य हवं होतं. एवढ्या जाड पुस्तकात कुठंतरी, निदान त्याच्या जवळपासचं काहीतरी सापडेल आणि माझं खोटं खरं होईल, या हिशेबानं मी एका वर्षात सगळं पुस्तक पालथं घातलं. सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी परत पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आता शोधत नाही, नुसती वाचतेय. एखाद्या ओळीशी थांबतेय. ती ओळ माझ्याबरोबर वर्गात येतेय, डबा खाताना शेजारी बसतेय. मी जात्याच तापट, हे तुला सांगायला नको. तोडीवरून मुलं मार्चात परत यायची तेव्हा मी त्यांना सगळ्यांदेखत फाडून खायचे, पाढे विसरलास, अक्षर विसरलास म्हणून. एकदा अशीच एका मुलीवर ओरडायला तोंड उघडलं आणि सकाळची ओळ मध्ये आडवी आली. तिला जवळ बसवून विचारलं, तिकडं काय काय बघितलंस ते सांग. तिनं तासभर सांगितलं. माझ्यात काही मोठा पालट झाला असं नाही, अजूनही ओरडते, पण आधी थांबते. एवढं व्हायला मला अकरा वर्षं लागली.

आणि गेल्या महिन्यात शिरूरला उपासनेला गेले तेव्हा आपल्या शेजारची काकू भेटली. तोडीवर तुमच्या कोप्या शेजारी असायच्या, तीच. आता पार वाकली आहे. माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं आलीस. माजी सून नातीला तोडीला न्ह्यायचं म्हणतीय. चल, तिला तुज्या मायचं ते दिव्याचं वचन सांग." सांगितलं असतं तर खपून गेलं असतं. सुनेला कुठं पुस्तक वाचायचं होतं? पण इतकी वर्षं रोज सकाळी त्या पुस्तकापुढं बसून परत तेच करायचं, हे मला जमेना. मी रस्त्यातच म्हणाले, "काकू, ते पुस्तकात न्हाई. म्या बनवलतं."

काकू थांबलीसुद्धा नाही. "मला ठावं हाय. तुज्या मायलाबी ठावं व्हतं."

मग तिनं सांगितलं. त्या नाताळात जवळच्या गावातला कुणी प्रचारक कोप्यांवर आला होता. तू त्याला ते वचन म्हणून दाखवलंस आणि म्हणालीस, एकदा वाचून दावा. त्यानं पानं चाळचाळ चाळली आणि सांगितलं, बाई, असं काही यात नाही. काकू म्हणाली, "मला वाटलं, आता ही घरी आली की पोरीचं टकुरं फोडती. तर ती रडाया लागली. म्हणली, माज्या लेकराला एवढं सांगाया देवाचं तोंड उसनं घ्यावं लागलं. तिला वाटलं, माय आपलं ऐकणार न्हाई. चूक माजी हाय. आन् वचन काय सोडलं न्हाई तिनं. देवाचं नसंना, लेकराचं हाय म्हणली, आन् चावतच राह्यली."

माय, मी त्या रस्त्यावर, माणसांदेखत, रडले. काकूच्या सुनेला मी ते वाक्य सांगितलं, पण माझं म्हणून सांगितलं आणि तुझी कंबर कशी गेली तेही सांगितलं. ती लुगडं धूत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू." परवा कळलं की नात शाळेत जातेय, आजीपाशी राहिली आहे.

तेव्हापासून मला एकच गोष्ट आठवत राहते. त्या पाडव्यानंतर, वाचन झालं की तू रोज मला विचारायचीस, "आता तुज्या मनातलं सांग." मला वाटायचं, हीपण प्रार्थनेचीच काही रीत असेल. मी दररोज म्हणायचे, "काय न्हाई," आणि दप्तर उचलून पळायचे. तू सगळं ठाऊक असून किती वर्षं वाट बघितलीस गं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा आज सांगते. मला शिकायची ओढ होती म्हणून मी ते खोटं बोलले नव्हते. वर्गातली एक मुलगी तुझे हात बघून हसली होती. मला तसले हात नको होते.