गुरुजी बांधीत कोंडले गेले त्याची हकीकत

पिंपळटोला,
श्रावण, २००४

तीर्थस्वरूप लक्ष्मीचंद भाऊजींना,

श्यामलालचा अगदी वाकून नमस्कार. (कंबर अजून सरळ होत नाही, त्यामुळं सध्या सगळेच नमस्कार वाकून होऊन राहिले आहेत. कारण पुढं येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? चहातली साखर कमी केली, की बाईची पाठ वळली की डबा उघडता? बाई म्हणजे तुलसाबाई. ती तुमची बायको असली तरी आधी माझी मोठी बहीण आहे, तेव्हा तिच्याकडून खबर येतेच, खोटं लिहू नका. इकडं सर्व खुशाल. प्रेमिलाचा दमा बरा आहे, म्हैस आटली आहे, पाऊस बरा आहे.

पत्राचं कारण असं की उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत तुम्ही चार लोकांसमोर मला एक सिद्धान्त ऐकवला होता. पोट्टे म्हणजे बैल. पुढं सरकीची ढेप दाखवा नाही तर मागून तुतारीची काठी टोचा, तिसरा उपाय जगात नाही. (तुम्ही राईस मिल चालवता, म्हणून बालमानसशास्त्रावर तुमचा शब्द आमच्याकडं शेवटचा मानतात.) मी गप्प राहिलो, कारण समोर जिलेबी होती. शिवाय जूनमध्ये गोंदियाला प्रशिक्षण झालं, तिथल्या साहेबांनीही तेच सांगितलं, फक्त ढेपेला ते ‘प्रेरणा’ म्हणत होते. तुतारी, म्हणजे छडी, सरकारनं बंद केलेलीच आहे. म्हटलं, चला, ढेप तर ढेप. चौथीच्या वर्गात मोठा चार्ट लावला, लाल कागदाचे स्टार कापले आणि चांगलं वागेल त्याच्या नावापुढं स्टार, असं जाहीर करून टाकलं.

भाऊजी, काय सांगू! शांत बसण्याला स्टार ठेवला, तर पोरं अशी शांत झाली की व्हरांड्यात खिचडी करपली, धूर खिडकीतून आत आला, सगळ्यांनी पाहिला आणि एकानंही तोंड उघडलं नाही. त्या दिवशी अख्ख्या शाळेनं मुरमुरे खाल्ले आणि वर मला सगळ्यांना स्टार द्यावा लागला. हात वर करण्याला स्टार ठेवला, तर प्रश्न विचारायच्या आधीच सगळे हात वर. हजेरीला ठेवला, तर एक जण अंगावर माता आलेली असताना स्टार घ्यायला आला आणि सगळ्या वर्गाला कांजिण्या वाटून गेला. भुवनेश्वर नावाचा एक भिंगरीसारखा पोरगा आहे, एका जागी बसला तर ताप आला समजायचं. त्यानं तर बोरकुटाच्या गुठळ्या देऊन दुसऱ्यांचे स्टार आपल्या नावापुढं चिकटवून घेतले. आणि आचल, जी पहिलीपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, तिच्या नावापुढं एकही नाही. तिनं चार्टकडं बघणंच सोडून दिलं.

अशात सरपंच ईश्वरदासजींनी पालकांची सभा बोलावली. तुमच्या आमगावच्या कान्व्हेंटची गाडी गावात यायला तयार झाली होती. गाडी आली म्हणजे अर्धी शाळा तिच्यात चढणार, आणि उरलेल्या अर्ध्या शाळेसाठी सरकार दोन मास्तर कायले ठेवेल? मी उठलो, शाळेबद्दल भारी भाषण दिलं. गावचं पोर गावात शिकावं वगैरे. टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात ईश्वरदासजी बसल्या जागेवरून म्हणाले, “गुर्जी, तुमचा पोरगा कोठं शिकते जी?” आता स्वप्निलला तुम्ही हौसेनं स्वतःच्या घरी ठेवून त्याच कान्व्हेंटात घातलं, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत. मला खोकला आला. ईश्वरदासजी मनाचे वाईट नाहीत, त्यांनी खोकला संपू दिला. मग म्हणाले, ठीक आहे, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं माझी आचल एक धडा वाचून दाखवेल. वाचला तर गाडी परत. नाही वाचला तर तुम्ही आम्हाला अडवायचं नाही. (हो, आचल त्यांचीच. घरीही ती बोलते ती बकरीशी, असं कळलं.)

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय कुठं होती? आणि दुसऱ्याच दिवशी रोवणे सुरू झाले. तुम्हाला माहीतच आहे, धानाचे परे लावायचे दिवस आले की आमची शाळा म्हणजे मी, घंटा आणि चिमण्या. स्टार दुप्पट केले, कोणी फिरकलं नाही. शेवटी डोकं फिरलं आणि पँट दुमडून मी स्वतः पोरांना धरून आणायला निघालो. बघतो तर काय, अख्खी चौथी भुवनेश्वरच्या आईच्या, सुशिलाबाईच्या धानाच्या बांधीत! आणि तो भिंगरी भुवनेश्वर सकाळपासून चिखलात वाकलेला, मान वर नाही. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडलो, पोरांना शाळेत पाठवा. सुशिलाबाईनं पऱ्यांची एक पेंडी माझ्या हातात दिली. “बांधी पुरी करून द्या नं गुर्जी, मंग नेऊन टाका सारे.” एवढ्या बायांसमोर नाही कसं म्हणू? शेतकऱ्याचं पोरगं आहे मी. उतरलो.

भाऊजी, डी.एड. झाल्यापासून मी चिखलात पाय घातला नव्हता. ओळीतले सगळे रोवत रोवत मागं सरकत गेले आणि मी राहिलो तिथंच. रीत तुम्हाला माहीत आहे. जो रेंगाळला त्याच्या मागून दोन्ही बाजूंचे हात एकत्र येतात आणि त्याला रोवलेल्या पऱ्यांत मधोमध कोंडून टाकतात, वर गाण्यात त्याचं नाव गुंफतात. बायांनी मला असं कोंडलं की चहूकडं हिरवे परे, मधात एक चिखलाचा तुकडा आणि त्यात मी. गाण्यात माझी ढेरी आली, माझा चष्मा आला, प्रेमिलाही आली. (तिच्याबद्दल काय म्हटलं ते ती सांगते, मी सांगत नाही.) बाहेर पडावं तर माझ्या पायाखाली रोपं जातात. जेवणाची वेळ झाली, भाकरी सुटल्या, पण एकानंही घास घेतला नाही. माझीच पोरं रोपांच्या मधून लहान लहान पावलं टाकत आली आणि माझा तुकडा रोवायला लागली. आचलसुद्धा आली. मी म्हटलं, अरे, जेवा ना आधी. भुवनेश्वर म्हणाला, “तुमचा तुकडा राहिला तं बांधी पुरी नाई होत नं गुर्जी. पुरी झाल्याबिगर कोणी जेवत नाई.” इथं कोणता स्टार होता, भाऊजी? ढेपही नाही, तुतारीही नाही. मला तर तिथंच, गुडघाभर चिखलात, रडू आलं. चष्म्यावर चिखल होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

रोवणे आटोपल्यावर मी चार्ट काढून कपाटात अंथरला आणि वर्गाला सांगितलं, आता हा वर्ग म्हणजे आपली बांधी. शेवटच्याचा धडा झाल्याशिवाय कोणाचाच झाला नाही. ज्याचं झालं त्यानं शेजाऱ्याकडं सरकायचं. पहिल्या दिवशी घोटाळा झालाच. आचलचा धडा भुवनेश्वरनं स्वतःच वाचून टाकला आणि जेवायला चला म्हणाला. समजावलं, बाबा, रोप तिच्याच हातानं रोवलं पाहिजे. मग त्यानं काय शोधून काढलं ऐका. आचल एकटी वाचत नाही, पण सगळे मिळून रोवण्याच्या गाण्याच्या चालीत वाचतात तेव्हा तिचे ओठ हलतात. म्हणून सगळ्यांनी चालीत वाचायचं आणि हळूहळू एकेकानं गप्प व्हायचं. एक दिवस सगळे गप्प झाले आणि आवाज चालूच राहिला. कोणी टाळी वाजवली नाही की हसलं नाही. ती बिचकेल म्हणून सगळे श्वास धरून बसले होते. एवढी अक्कल मला प्रशिक्षणात नव्हती शिकवली.

पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं अख्खा गाव. कान्व्हेंटची गाडी पिंपळाखाली उभी, मॅनेजरही आलेले. आचल पुस्तक घेऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती उभीच. मग एकदम तिनं विज्ञानाचा धडा, पाण्याचं बाष्प कसं होतं तो, रोवण्याच्या चालीत सुरू केला! मॅनेजर इकडं तिकडं पाहू लागले. गर्दीतून सुशिलाबाईनं सवयीनं धृपद धरलं, बाकी बायांनी उचललं, आणि बाष्पीभवन असं रंगलं म्हणता! मधात ‘संघनन’ शब्द आला आणि गाडं अडलं. बायाही थांबल्या. सगळ्या चौथीला तो शब्द येत होता. भुवनेश्वरनं आपली गांधी टोपी काढून तोंडात कोंबली, पण सांगितलं नाही. आचलनं त्याच्याकडं पाहिलं, शब्दाकडं पाहिलं, आणि साध्या आवाजात, चालीशिवाय, म्हणून टाकला. पुढचा सगळा धडा तिनं तसाच वाचला.

ईश्वरदासजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग गाडीवाल्याला म्हणाले, चहा घेऊन जा बापा, पोट्टे नाई मिळत. भाऊजी, माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण खरोखर गेलं. माझी पोरं आहेत ती! तुमच्या सिद्धान्ताची मी चिखलात पुरून रोवणी केली आहे, राग मानू नका. पोळ्याला बाईला घेऊन या, वर्ग दाखवतो. बाईला दंडवत, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमचा साळा,
श्यामलाल

ता. क. – त्या दिवशी निघताना ईश्वरदासजींनी खांद्यावर हात ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी खोकला आला नाही. तेव्हा स्वप्निलचा दाखला काढून ठेवा, पोळ्याला येताना त्याला सोबत घेऊन या. तुमच्या सांभाळण्यात काही कमी होती असं नाही. इंग्रजी कवितांचं काय, ते मी बघतो.

ता. क. २ – प्रेमिलानं पत्र वाचलं. म्हणते, एवढी पानं कायले भरली? पोराबिगर घरात करमत नाही, असं सरळ एका ओळीत काऊन लिहीत नाही? तर भाऊजी, लिहितो. करमत नाही.