घुसखोर पोपट

तीर्थरूप नाना,

लंडनहून पुनमचा वाकून नमस्कार. विमानातले प्रवासी उतरवले, मी पोटभर जेवले, परतीची ड्युटी उद्या. आईला सांगा, बठ्ठं बरं शे, सगळं ठीक आहे.

आज तुमची दुर्बीण घेऊन बागेत गेले, तर झाडावर चक्क आपले हिरवे पोपट! मी हरखले. बाकावर शेजारी बसलेले इंग्रज आजोबा म्हणाले, "घुसखोर आहेत, हाकलायला हवेत." मग मलाच विचारलं, "तू कधी परत जाणार?"

असा संताप आला, नाना! उत्तरेकडच्या थंडीतून बदकं मेहरूण तलावावर येतात, तेव्हा आपण त्यांना पाहुणे म्हणतो, पेपरात फोटो छापतो. आणि इथेच अंड्यातून निघालेला पोपट घुसखोर?

यंदा बदकं आली का? हे वाचून तुम्ही भडकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. रागाच्या भरात त्यांना काही बोलू नका. पाहुणे आहेत ते.

तुमची,
पुनम