गाडीमागून आई

अण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर मला पोलादपूरच्या घाटाची गोष्ट आठवावी लागते. तुम्ही ती इतक्यांदा सांगितलीत, की तुम्ही कुठे थांबायचात आणि कुठे मांडीवर थाप मारायचात तेसुद्धा मला पाठ आहे. आज ती मी सांगते. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, ते बरंच आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. श्रीवर्धनला आपली सुपारीची वाडी चांगली चालली होती आणि तुम्ही मुंबईहून जुनी काळी मोटार आणली होतीत. ओहोटीला किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत तुम्ही ती चालवायला शिकलात. सपाट वाळू, आडवं आलंच तर एखादं कुत्रं. तेवढ्या शिकण्यावर तुम्ही वाईला आत्याकडे मुंजीला मोटारीने जायचं ठरवलंत. आई म्हणाली, ‘‘अहो, मला पाचवा चाललाय. यष्टीने जाऊया ना, घाटाचा रस्ता आहे.’’ तुम्ही हसलात. ‘‘दारात मोटार असताना यष्टीच्या बाकावर अंग चोरून बसायचं? ताई काय म्हणेल?’’ ताई काय म्हणेल हा आपल्या घरातला मोठा प्रश्न असायचा. आईला काय होईल हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला आठवत नाही.

पोलादपूर सोडलं आणि चढ लागला. मी नऊ वर्षांची, मागच्या सीटवर, शेजारी आहेराचं बोचकं. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मध्ये मध्ये चुना फासलेले दगड तेवढे. दरीत घार फिरते आहे आणि मला तिची पाठ दिसते आहे. घारीची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तुमच्या मानेवरून घाम ओघळतो आहे. एका वळणावर गाडी एका दमात वळत नाही. तुम्ही थांबता, हातब्रेक ओढता, आणि गाडी हळूच मागे सरकायला लागते.

‘‘दगड! अगं, दगड लाव चाकाला!’’

आई दार उघडून खाली उडी टाकते. गाडी थांबते तेव्हा मागच्या काचेतून मला रस्ता दिसत नाही, नुसते झाडांचे शेंडे दिसतात.

इथून परत फिरता आलं असतं. निदान तिथेच थांबून कुणाची तरी वाट बघता आली असती. तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढलंत आणि आईला सांगितलंत, ‘‘तू आत बसू नकोस आता. मागून चालत ये. मी थांबलो की दगड लाव, म्हणजे मला नीट निघता येईल.’’ आणि ती चालली. नऊवारीचा ओचा वर खोचून, दोन्ही हातांनी दगड पोटाशी धरून. तुम्ही पुढच्या वळणावर ब्रेकवर पाय दाबून थांबायचात आणि ओरडायचात, ‘‘चल लवकर, पाय भरून आला माझा!’’ मग ती पळायची. मागून एक मालट्रक आला. त्याचा ड्रायव्हर थांबून म्हणाला, ‘‘शेठ, बाईमाणसाला असं काय पळवताय? आमच्या गाडीत जागा हाय. त्यांना वर सोडतो, तुमच्या गाडीला दोर लावतो.’’ तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, ‘‘काही गरज नाही. तू जा.’’ आई दगड घेऊन उभी होती. तिने ट्रककडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, आणि चाकाशी वाकली.

वाईला पोचलो त्याच रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. पहाटे आत्याच्या मागच्या खोलीत मूल गेलं. सकाळी मांडवात सनई वाजत होती. मी आईच्या पायाशी बसले होते. बाहेर तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, ‘‘पुढे आमची मोटार आणि मागे आमची मंडळी, दगड घेऊन धावताहेत!’’ मोठा हशा झाला. आईने डोळे न उघडता सांगितलं, ‘‘दार लोटून घे गं.’’

त्यानंतर दहा वर्षं मी ही गोष्ट ऐकली. लग्नात ऐकली, बारशातही ऐकली. दर वेळी दगड मोठा होत गेला. मग पेणची माणसं मला बघायला आली आणि त्यांनाही तुम्ही तीच सांगितलीत. आई सरबताचे पेले घेऊन दारात उभी होती. सगळे हसले. मी म्हटलं, ‘‘त्या रात्री आईचं मूल गेलं, तेही सांगा ना, अण्णा.’’

ती माणसं सरबत अर्धं टाकून उठली. तुम्ही म्हणालात, ‘‘घराची अब्रू घालवलीस.’’ ते मला अपेक्षितच होतं. पण आईसुद्धा मागच्या पडवीत माझ्यावर उसळली. ‘‘मी सांगितलं होतं तुला, माझ्यासाठी बोल म्हणून? इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं मी ते.’’ चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुमच्याशी मात्र बोलत होती, तुम्हाला गरम भाकरी वाढत होती.

मग एका संध्याकाळी वाडीत शिंपण चालू असताना तुम्ही माझ्याजवळ येऊन उभे राहिलात. पाटाच्या पाण्याकडे बघत म्हणालात, ‘‘लोक हसले की वाटायचं, एवढं काही झालं नसेल.’’ मग तुम्ही निघून गेलात. ती गोष्ट तुम्ही पुन्हा कधी सांगितली नाहीत. लोकांना वाटलं, तुम्ही सुधारलात. मला वाटलं, आता तर तिचं नावच गेलं. हसण्यासाठी का होईना, आई त्या रस्त्यावर चालली होती हे तोवर कुणी तरी बोलत होतं. ते वाक्य मी तुम्हाला माफी म्हणून मोजलेलं नाही. ते तुम्ही तिला जाऊन सांगायला हवं होतंत. सांगितलंत की नाही, मला माहीत नाही. तिच्या वागण्यावरून तरी सांगितल्याचं दिसलं नाही.

तुमच्यामागून तीही गेली. आता विचारायला कुणी नाही, आणि हे पत्र टाकायला पेटीही नाही. खरं सांगायचं तर एवढं सगळं लिहायचं नव्हतंच. मला एकच विचारायचं होतं, जे आईला विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. तो मुलगा होता की मुलगी, अण्णा? तुम्ही तरी विचारलं होतंत का?