माझ्या कॅसेटमधलं गाढव

१२ जानेवारी
घसा बसला. काल ‘मारिल्दा’ ऑपेराचा पहिला प्रयोग. नवा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा नायक-गायक, तिसऱ्या अंकातलं तुरुंगातलं गाणं गात होता की भाजी विकत होता, देव जाणे. कर्तव्य म्हणून गॅलरीतून ओरडलो. आमच्या पार्मा शहरात कुणीतरी ओरडायलाच हवं, नाहीतर गायक शेफारतात.
डॉक्टर म्हणाले, सूज आहे, तीन आठवडे अवाक्षर काढायचं नाही. गुणगुणायचंसुद्धा नाही. मी पाटीवर लिहून कळवलं की मी कधीच गुणगुणत नाही. दीर्चे, म्हणजे माझी बायको, खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नुसतं धुकं होतं.

१३ जानेवारी
संकल्प: मौनाचा सदुपयोग. माझ्याकडच्या ‘मारिल्दा’च्या सव्वीस कॅसेट क्रमानं ऐकणार. सगळ्या मी स्वतः, पावाच्या पिशवीत रेकॉर्डर लपवून केलेल्या. बाजारातल्या रेकॉर्डी म्हणजे उकडलेला बटाटा. ना मीठ, ना खोकला.
२० फेब्रुवारीला आमच्या ऑपेराप्रेमींच्या क्लबात बाल्दीनीची स्मृतिसंध्या. असा टेनर पुन्हा होणे नाही. १९७९ च्या त्याच्या रात्रीचं रेकॉर्डिंग जगात एकच, ते माझं. तेच ऐकवायचं. अध्यक्ष तिराबास्सी बरेच दिवस टाळत होते, शेवटी माझ्या चिकाटीपुढे नमले. मी बोलणार. विषय: कान. जन्मभर कारखान्यात चीजच्या चाकाएवढ्या गोल लाद्यांवर हातोडी मारून आतली पोकळी मी आवाजावरून ओळखली. एकही चाक चुकलं नाही. (एक चुकलं. तेव्हा सर्दी होती.)

१५ जानेवारी
नुल्लो येऊन गेला. शाळेपासूनचा मित्र, गॅलरीत माझ्या शेजारी बसतो. माणूस सोन्यासारखा, पण थिएटरात बसायची रीत नाही. ऐन सुराला खोकतो. मधूनच हात वर करतो, बाईंनी प्रश्न विचारल्यासारखा. तीस वर्षं सहन करतोय.
पुन्हा ती व्हिडिओ कॅसेट घेऊन आला होता. १९८८ चा ‘मारिल्दा’, त्याच्या वहिनीनं टीव्हीवरून उतरवलेला. म्हणाला, अरे, बघ एकदा, आपण दोघं दिसतो त्यात. मी पाटीवर लिहिलं: ऑपेरा कानांसाठी असतो, डोळे बहिऱ्यांनी वापरावेत. तरी ठेवून गेला.

१७ जानेवारी
अनर्थ. बाल्दीनीची कॅसेट लावली. ओठ मिटून, हात मांडीवर, पूर्ण शांत बसून ऐकली. बाल्दीनीबरोबर कुणीतरी गातंय. पहिल्या अंकापासून. नाकातून, अर्धा सूर खाली, आणि शब्द विसरला की नुसतं ‘ला ला’. गाढव. त्या तुरुंगातल्या गाण्यात तर बाल्दीनी दूर कुठेतरी, आणि गाढव माझ्या मांडीवर.
ही कॅसेट मी शेकडो वेळा ऐकली आहे. गाढव कधीच नव्हतं. म्हणजे टेप खराब झाली. दीर्चेनं कपाटात व्हिनेगरच्या बाटल्या ठेवल्या आहेत. पाटीवर चार कडक ओळी लिहिल्या. ती म्हणाली, व्हिनेगरनं टेप आंबते, गायला लागत नाही.

१८ जानेवारी
बाकीच्या लावून पाहिल्या. सगळ्यांत गाढव. तेच. म्हणजे टेपचा दोष नाही, माणसाचा आहे. शांत डोक्यानं विचार केला. रेकॉर्डर माझ्या मांडीवर. डावीकडे खांब. खांब गात नाही. उजवीकडे नुल्लो.
अरेरे.

१९ जानेवारी
नुल्लो रविवारचा जेवायला आला. सूपमधले आनोलिनी, म्हणजे सारण भरलेले छोटे पास्ते, त्यानं जेमतेम दोन खाल्ले असतील, तेवढ्यात पाटी पुढे केली: तीस वर्षं माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू गातोस. बाल्दीनीचा खून केलास. पुन्हा माझ्या शेजारी बसू नकोस.
वाचलं. मग म्हणाला, बरं. टोपी घातली आणि गेला. ताटलीत आनोलिनी तसेच. गुन्हा सिद्ध. निर्दोष माणूस दीर्चेचे आनोलिनी टाकून जात नाही.
दीर्चेनं मला नुसतं सूपचं पाणी वाढलं. आनोलिनी उचलून नुल्लोच्या घरी पोचवले.

२४ जानेवारी
अध्यक्षांना पत्र पाठवलं: स्मृतिसंध्येला नुल्लो नको, नाहीतर कॅसेट मिळणार नाही. ते स्वतः घरी आले. घाम पुसत होते. म्हणाले, सिन्योर गांदोल्फी, जाऊ द्या ना, इतक्या वर्षांनी कशाला? त्या आवाजाचं क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणाचा राग नाही.
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला एकानं सांगितलं नाही. नुल्लोला पाठीशी घालत होते. क्लब सडला आहे. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला उभा राहणार.

२९ जानेवारी
किरकोळ अडचण. १९८६ च्या कॅसेटमध्येही गाढव आहे. त्या आठवड्यात नुल्लोचं पित्ताशय काढलं होतं. मीच त्याला संत्री नेली होती.
तीन शक्यता. एक: आधीच्या वर्षांचा आवाज भिंतींत मुरला होता. जुनी थिएटरं अशी असतात. दोन: नुल्लो इस्पितळातून पळून आला. तीन: गाढवं दोन आहेत.
दोन असणार.

३१ जानेवारी
बाजारात नुल्लो समोरून आला. मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. एकटाच होता, मफलर नीट बांधलेला नव्हता. त्याला तो कधीच जमत नाही, मीच बांधून देतो. मला काही वाटलं नाही. घरी येऊन झोपलो, जेवलो नाही. पचन बिघडलंय.

३ फेब्रुवारी
चमत्कार! घसा मोकळा झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली. आनंदात बाल्दीनीची कॅसेट लावली आणि गाढव गायब! पहिला अंक स्वच्छ. दुसरा स्वच्छ. टेप सुकली असणार, मी पहिल्यापासून व्हिनेगरच म्हणत होतो. तुरुंगातलं गाणं आलं, डोळे मिटले. नायक आईचा निरोप घेतो ती जागा, तो लांबलेला उंच सूर. काय बाल्दीनी! छातीच भरून आली.
डोळे उघडले तर दीर्चे टेपजवळ उभी. बोट बटणावर. सूर अजून चालूच होता.
म्हणाली, आमिल्कारे, टेप मी केव्हाची बंद केली.
आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

४ फेब्रुवारी
आज काही लिहिण्यासारखं नाही.

५ फेब्रुवारी
प्रत्येक जण स्वतःला आतून ऐकतो, त्यामुळे बाहेरचा आवाज वेगळा लागतो. हे शास्त्र आहे. डॉक्टरांनाही विचारता येईल. शिवाय माझा हेतू बाल्दीनीला आधार देण्याचा होता.
दीर्चेनं नुल्लोची व्हिडिओ कॅसेट लावून दिली आणि शेजारी विणत बसली. तिसऱ्या अंकात कॅमेरा गॅलरीवर येतो. मी दिसतो. डोळे मिटलेले, हात छातीवर, तोंड मगरीसारखं उघडं. पुढच्या रांगेतली माणसं गरकन मागे वळतात. एक बाई तर अर्धी उभी राहते. आणि नुल्लो जोरात खोकतो. मग हात वर करून सगळ्यांकडे बघतो, मान झुकवतो. माफ करा, मीच तो. माणसं त्याच्याकडे रागानं बघतात आणि पुढे वळतात.
आणि मी? मी डोळे मिटून गातोच आहे.
कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिली. दीर्चे म्हणाली, त्याला दोनदा बाहेर काढलं होतं थिएटरातून, तुला म्हणाला पोट बिघडलं. ते ऐकून मला फार लाज वाटली. कसं सांगू, फार.

७ फेब्रुवारी
नुल्लोच्या दारात गेलो. वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, घंटा वाजवल्यावर एकही आठवेना. पाटी घरी राहिली होती. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, ये, थंडी आहे. मी म्हणालो, गाढव मी. तो म्हणाला, ते झालं रे, जेवलास का?
मफलर खुंटीवर होता. निघताना उगाच त्याच्या गळ्यात बांधून दिला. तो घरातच राहणार होता तरी.

२० फेब्रुवारी
स्मृतिसंध्या. क्लब भरलेला. ‘कान’ हे भाषण रद्द केलं, वेळेअभावी. कॅसेट बदलावी, असं अध्यक्षांना सुचवलं. ते म्हणाले, बाल्दीनीची ही एकच आहे, सिन्योर गांदोल्फी, तुमच्यासकट.
लावली. तिसऱ्या अंकातला तो लांब सूर बाल्दीनीनं जरा उशिरा धरला आहे, मी बरोबर वेळेवर आहे. हे नोंदवून ठेवतो, पुढेमागे कुणी तपासलं तर.
गाढव सुरू झालं. पुढच्या रांगा गरकन मागे वळल्या.
मी हात वर केला.
शेजारी सवयीनं नुल्लोचाही हात वर गेला होता. तो मी धरून खाली घेतला.