एक बाकी

६ जानेवारी, सोमवार

मिटिंग अकराची. मुबश्शिर पावणेबाराला उगवला, तोही पेटी घेऊन. मी म्हटलं, पेटी कशाला? तर म्हणे, "तोंडानं सांगून नाई समजत." मग काय — रिठद गावच्या भजनातला एक सूर उतरलाय की गाणारा गातोच तसा, यावर दुपारी एकपर्यंत खल. राजपाल मांडीवर ठेका धरून बसलेला. जुनैदनं लॅपटॉपही मिटला आणि डोळेही. आणि मी, मुख्य कार्यकारी अधिकारी (कार्डावर तसंच छापलंय), खिडकीतून वाकून चहा सांगत होते.

खाली चांदमामूंचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान, वरच्या खोलीत आमचं "कानोसा". आपल्या भागातल्या लोकांची गाणी त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड करायची आणि मोबाइलवर सगळ्यांना ऐकवायची. किती सोपं वाटलं होतं! मुबश्शिर गाणी पारखणार, राजपाल गावोगाव फिरणार, जुनैद अ‍ॅप सांभाळणार, मी सगळ्यांना हाकणार. साठ गाणी लोकांसाठी खुली झाली. बावीस अडकलीत. सगळी लांबलचक. छोटी सुटतात, मोठी अडकतात.

चौघांनीही गाणं शेवटपर्यंत ऐकलं तरच ते खुलं होतं. नियम माझाच, कबूल. जुनैदनं तो अ‍ॅपमध्येच घातला, पुढं ढकलून ऐकलेलं धरलं जात नाही. कोणाचं ऐकायचं राहिलंय ते दिसू द्यायचं नाही, हेही मीच ठरवलं. नावं दिसायची तेव्हा मुबश्शिर आणि राजपाल आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. आता पडद्यावर नुसतं "एक बाकी" येतं. तो एक म्हणजे मुबश्शिर, हे शेंबडं पोरही सांगेल. दोन मिनिटं ऐकलं की त्याला काहीतरी खटकतं, मग पेटी निघते, मग पुन्हा पहिल्यापासून.

चौघांनाही गाण्याचं वेड. मला वाटायचं हीच आमची ताकद. आता वाटतं, एखादा तरी बहिरा घ्यायला हवा होता.

९ जानेवारी, गुरुवार

राजपालचा चेहरा पडलेला. त्याच्या आत्याच्या, सुंदरबाईच्या घशात गाठ निघाली. २८ तारखेला नागपूरला ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगायला तयार नाहीत.

गेल्याच महिन्यात आसेगावकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर आम्ही तिचा ढावलो रेकॉर्ड केला. मुलगी सासरी निघताना आईच्या, बहिणींच्या गळ्यात पडून रडत रडत म्हणते, ते गाणं. आता तांड्यात तो पुरता येणारी ही एकटी. मला हाताला धरून अगदी समोर बसवलं होतं तिनं. तेवढ्यात माझा फोन वाजला, जावं लागलं. बाहेर रेंजसाठी पार रस्त्यापर्यंत गेले. परत आले तर हे सामान आवरत होते.

राजपालनं तिचा निरोप सांगितला. "आवाज हाय तवर कोनाले तरी आयकू द्या. ढावलो एकलीनं म्हनाचा नसते. कोन्या तांड्यातली बाई आयकन, मले फोन करन. थे तिकून म्हनन, मी इकून म्हनीन."

एवढंच मागणं. कोणीतरी फोनवरून तिच्या गळ्यात पडावं.

राजपाल म्हणाला, "दुसरीकडं कुठं टाकून देऊ का? लवकर होईन." मी साफ नाही म्हटलं. आपलं अ‍ॅप कशासाठी आहे मग? यवतमाळपासून तेलंगणापर्यंत तांड्यातांड्यांतल्या मोबाइलवर कानोसा आहे. एकोणीस दिवस हातात आहेत. चार जणांनी अकरा मिनिटं बसायचं, झालं.

माझं मी आल्या आल्या, फोन घेता घेता उरकलं.

१३ जानेवारी, सोमवार

दोन बाकी. चार दिवसांत! राजपालनं ऐकल्याचं मला माहीत आहे, दिवसभर डोळे लाल होते.

१४ जानेवारी, मंगळवार

राजपालच्या घरून तिळगूळ आला. मुबश्शिरनं एक लाडू तोंडात टाकला आणि म्हणाला, ढावलोच्या मधल्या ओळीत बाई श्वास कुठं घेते तेच कळत नाही. मी म्हटलं, तू ऐकून तर संपव. त्यानं दुसरा लाडू माझ्याच हातावर ठेवला. गोड बोलायचा दिवस होता म्हणून गप्प बसले.

१८ जानेवारी, शनिवार

एक बाकी.

जुनैदला म्हटलं, राहू दे तो नियम, हे एक गाणं तसंच खुलं कर. तो म्हणाला, "एका गान्यासाठी तोडला तं बाकीचे एकवीस कायले थांबवले?" सरळ माणसाशी वाद घालता येत नाही, हा मोठा ताप आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

घरी आले, जेवता जेवता फोनवर कामं चालूच. अम्मी म्हणाली, "पहले रोटी बेलते बेलते गाती थी तू. अब तो सुनती भी नहीं." मी म्हटलं, अम्मी, दिवसभर गाण्यातच असते ना. तिनं ताटात अजून एक रोटी टाकली.

तिला काय सांगू? गाण्याची कंपनी चालवायची म्हणजे गाणं सोडून बाकी सगळं करायचं असतं. गाणाऱ्यांच्या परवानग्या, फोटो, नावं, गावं, येणारे फोन. या तिघांसारखं डोळे मिटून मान डोलवत बसले तर खोलीला कुलूप लागेल. आज मी एकटीनं सात गाणी तपासली. सात! तिघांनी मिळून दोन.

२५ जानेवारी, शनिवार

आज माझा बांध फुटला. तीन दिवस उरलेत आणि पडद्यावर तेच, एक बाकी.

सगळ्यांसमोर मुबश्शिरला म्हटलं, तुझ्या एका सुरापायी एका बाईचं शेवटचं गाणं सडतंय. तुला कलाकार व्हायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून आता दुसऱ्यांची गाणी अडवून बसलायस. हे शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलले.

तो शांतपणे म्हणाला, "म्या पयल्याच दिवशी आयकलं. तीनदा. दुसऱ्या वक्ती रडलो बी, सांगू काय तुले?"

"मग पडदा खोटं बोलतो?"

त्यानं पेटीचा भाता बंद केला, खोळ चढवली, पेटी खांद्याला लावून जिना उतरला. खालून चांदमामूंचा आवाज आला, "काय झालं रे मुबश्शिर?"

मी जुनैदला म्हटलं, नावं उघड, आत्ताच्या आत्ता. "तूच म्हनली होती ना, कोनीच नाई पाह्याचं. मी बी नाई पाह्यलं अजून." राजपाल इतका वेळ वायरची गुंडाळी करत होता. मान वर न करता विचारलं, "अनम, तुह्यं पुरं आयकून झालं ना?"

"माझं त्याच दिवशी झालंय," मी म्हटलं. मला विचारतो! उरलेल्या दोघांना विचारायची हिंमत नाही.

२६ जानेवारी, रविवार

मुबश्शिर फोन उचलत नाही. त्याच्या घरी गेले. त्याची बायको अनिसा दारातच म्हणाली, ते झोपलेत. आतून पेटी ऐकू येत होती. ढावलोचीच चाल.

ज्याला इतकं आवडतं तो अडवेल कशाला? डोक्यात आलं हे. पण राग जास्त होता, गेटपर्यंत येईस्तोवर विसरले.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी आठला सुंदरबाईला ऑपरेशनसाठी आत नेलं. आठला मी पडदा उघडून बसले होते.

एक बाकी.

३१ जानेवारी, शुक्रवार

राजपालचा नागपूरहून फोन. गाठ निघाली, जिवाचा धोका टळला. आवाज मात्र नाही. ओठ हलतात, हवा येते, बस. डॉक्टर म्हणतात वाट पाहा, पण तोंडावरून कळतं म्हणे त्यांच्या. सुंदरबाई हातानं कानाशी फोन धरल्याची खूण करते. कोणाचा आला का, असं विचारते.

"तू काय सांगितलंस?"

"येनार हाय म्हनलं."

मी फोन ठेवून रडले. मग डोळे पुसून पत्र लिहायला घेतलं. मुबश्शिरला काढायचं. मैत्री गेली खड्ड्यात. जुनैदला कळवलं, आता तुझा नियमबियम काही ऐकणार नाही, नावं काढून पाठव, पत्राला जोडायची आहेत. तो म्हणाला, "पाह्य बरं, अनम. एक डाव उघडलं की झाकता नाई येनार." उघडच म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

जुनैदनं पडद्याचा फोटो पाठवला. ढावलोपुढं बाकी नाव — अनम. बाकीच्या एकवीस गाण्यांपुढंही अनम.

दार लावून बसले. पहिल्यापासून, फोन पलीकडं ठेवून. ढावलो नवव्या मिनिटाला संपतो, तिथपर्यंतही मी कधी आले नव्हते. मग सुंदरबाई दम खाते, बांगड्या वाजतात, आणि विचारते, "थे अनम कुठं गेली? तिच्यासाठीच म्हनलं ना म्या. थे बी निघन घरून एक दिवस."

राजपाल म्हणतो, "फोनवर हाय, आत्या. आयकन थे मंग."